बाबा घोड्यावर का बसले होते

तीर्थरूप वन्सं,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग सध्या कागदावरच. रंधा मारून मारून माझी पाठ धरली आहे, एकदा वाकले की परत उभं राहायला कोणाचा तरी हात लागतो.) तुमची तब्येत बरी असेल अशी आशा करते. भावोजींचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या फोनवर नीट कळलं नाही. दोन्ही वेळा दुखत असेल तर राहत्या मजल्यावरच राहावं, असं आमचे दंतवैद्य म्हणतात. (दंतवैद्य कोण, ते पुढे येईल.) इकडे सगळे खुशाल. तुमचे बंधू ठीक आहेत. बाबा ठीक आहेत. घोडाही ठीक आहे.

घोड्याचा विषय मीच काढते, म्हणजे तुम्हाला संकोच नको. तुमच्या मैत्रिणीने तुम्हाला कळवलं की भर चौकात, उघड्या टेम्पोत, बाबा एका लाकडी घोड्यावर बसून चालले होते आणि रस्त्यावरच्या लोकांना हात उंचावून अभिवादन करत होते. त्यावर तुम्ही यांना फोन केलात, की आई गेल्यापासून बाबांकडे कोणाचं लक्ष उरलेलं नाही, त्यांच्या मनावर परिणाम झाला आहे, आणि येत्या रविवारी तुम्ही त्यांना कायमचं तुमच्याकडे घेऊन जाणार; कपडे भरून ठेवावेत. हे "हो" म्हणाले. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, असं कसं एकदम नेतील? तर मलाही "हो" म्हणाले. तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखता, तेव्हा त्या दोन्ही होकारांचं काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे. मैत्रिणीने सांगितलं ते खोटं नाही. चौक होता, टेम्पो उघडा होता, बाबा घोड्यावर होते. फक्त ते अभिवादन नव्हतं, झाडाची फांदी होती. पण नुसती फांदी सांगून भागणार नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. मग तुम्ही ठरवा.

आई गेल्यावर बाबा गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले, हे तुम्ही होतात तेव्हाच पाहिलंत. तुम्हाला वाटलं असेल, पाहुणे गेले की उठतील. पाहुणे गेले, बाबा बसलेलेच राहिले. पुढे पुढे त्यांचं बोलणं आटत आटत तीन शब्दांवर आलं. चहा? हो. फिरायला? नको. डॉक्टरांकडे? बघू. मी मुद्दाम असे प्रश्न विचारायची की तिन्ही शब्द रोज वापरात राहतील, गंजणार नाहीत. हे कामावर जायचे, मी माझं घरातलं भाषांतराचं काम घेऊन बसायची, आणि आम्ही दोघं एकाच घरात दोन वेगवेगळ्या गावांसारखे राहायचो. (हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही विचारलं होतंत, "दिवसभर घरात काय चाललेलं असतं?" तर हे.)

अशात मागच्या रस्त्यावरच्या बंद छापखान्याच्या गाळ्यात दर रविवारी काही मंडळी जमून सुतारकाम करतात, असं कळलं. शाळांची बाकं, दवाखान्याची बसायची फळी, असलं काहीबाही ही मंडळी फुकट करून देतात. अट एकच: खिळा नाही, स्क्रू नाही, जुन्या पद्धतीने खाचेत खुंटी बसवून आणि पाचर ठोकून सगळं जोडायचं. शिकवायला एक मिस्त्री आहेत. खिळा दिसला की त्यांच्या कपाळावर आठी पडते. (त्यांच्या घरचं सगळं फर्निचर लोखंडी आहे. एकदा चहाला गेले होते तेव्हा पाहिलं.) मी गेले ती समाजसेवेच्या ओढीने गेले असं कोणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आमच्या घरात आवाज नव्हता आणि त्या गाळ्यात होता, एवढंच.

पहिलं काम म्हणून मी एक स्टूल केलं. ते घरी आणून बाबांच्या पुढ्यात ठेवलं, पाय ठेवायला. बाबांनी पाय ठेवले, काढले, स्टुलाकडे बराच वेळ बघितलं, मग हाताने दाबलं आणि म्हणाले, "अगं, याला पाय चार आहेत आणि टेकतात तीनच. चौथा काय शोभेला लावलायस?" वन्सं, माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी जपून खाली ठेवला. इतक्या महिन्यांत एवढं लांब वाक्य त्या घरात कोणी बोललं नव्हतं, यांच्यासह. मी म्हटलं, मिस्त्री म्हणाले चालेल. "कोण मिस्त्री? मला भेटव." पुढच्या रविवारी बाबा चपला घालून दारात उभे. कामाला नव्हे, तक्रार करायला. ती तक्रार अजून चालू आहे.

तुम्हाला सांगायला नको, वजनमापे तपासणारा निरीक्षक निवृत्त झाला तरी त्याची नजर निवृत्त होत नाही. बाबांनी गाळ्यात पाऊल टाकलं आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या मोजायच्या टेपा एका रांगेत पसरायला लावल्या. एकीचा आकडा दुसरीशी जुळेना. कोणाचं टोक झिजलेलं, कोणाचं वाकलेलं. बाबांनी एक टेप भिंतीवर टांगली, बाकीच्या जप्त केल्या. सगळ्यांनी निमूटपणे दिल्या. दंतवैद्यांनी दिली नाही.

दंतवैद्य म्हणजे निवृत्त दंतवैद्य. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली, पण हातांना अजून कळवलेलं नसावं. पटाशी लावायच्या आधी ते लाकडावर टकटक करून कान देतात. खाच कोरून झाली की फुंकर मारून भुसा उडवतात आणि सवयीने म्हणतात, "हं, चूळ भरा." असा मनुष्य स्वतःची टेप दुसऱ्याच्या हातात देणार नाही, हे उघड आहे. "माझी टेप बरोबर आहे, तुमची भिंत चुकीची आहे," असं ते बाबांना म्हणाले. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी मिस्त्रींमार्फत बोलायला लागले. "त्यांना सांगा, करवत त्यांच्या कोपराखाली आहे." "त्यांना सांगा, मला माहीत आहे." मिस्त्री मधे उभे, सांगून सांगून दमायचे. पण बाबा घरी येऊन मला सगळं सांगायचे, की तो दातवाला आज काय बोलला आणि मी काय उत्तर दिलं आणि काय द्यायला हवं होतं. मी पोळ्या करायचं थांबवून ऐकायची. पोळ्या करपायच्या. यांनी त्याबद्दल काही म्हटलं नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

आता इथे खरं घोडं पेंड खातं. गाळ्यावरच्या आमच्या मंडळाचा फोन म्हणून आम्ही सगळीकडे बाबांचा नंबर दिला होता, कारण पहिल्या घंटेला फोन उचलणारे ते एकटेच. एके दिवशी आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. मी शेजारीच बसले होते, पण मला एकच बाजू ऐकू येत होती. दुसरी बाजू नंतर बाईंकडून कळली. बाई म्हणाल्या, आम्हाला एक घोडा हवा आहे. बाबांनी विचारलं, केवढा? बाई म्हणाल्या, माणूस उभा राहील एवढा. "उभा?" हो, मी नेहमी उभीच राहते. बाबांनी मानेने मला काहीतरी खुणावलं, ते मला तेव्हा कळलं नाही. मग म्हणाले, बरं, आणखी? बाई म्हणाल्या, चढायला-उतरायला सोपा हवा आणि मुख्य म्हणजे डुगडुगता कामा नये. घडीचा करता आला तर फारच छान, आमच्याकडे जागा कमी आहे. त्यावर बाबा ठामपणे म्हणाले, "घडीचा नाही जमणार बाई. मानेपाशी मोडेल." आणि बाईंनी (त्यांना वाटलं, मान म्हणजे सुतारकामातलं काहीतरी असेल) म्हटलं, मग सरळच करा.

फोन ठेवून बाबा मला म्हणाले, "बाई तरुणपणी सर्कशीत असाव्यात."

तुम्ही म्हणाल, तुला कळू नये? वाचनालयात वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला लागतो तो घोडा, रंगारी भिंत रंगवायला उभा करतात तो घोडा, हे तुझ्या ध्यानात येऊ नये? नाही आलं. वाचनालयात बालविभाग आहे, बालविभागाला घोडा हवा, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मंडळातल्या कोणालाच वाटलं नाही. मिस्त्रींनी फक्त "घोडा ना? करू," एवढं म्हटलं. ते आयुष्यभर शिडीवजा घोडेच करत आलेले. पण बाबांनी कागदावर शेपूट काढलेली पाहिल्यावर तेही गप्प बसले. नंतर म्हणाले, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल.

पाठ रुंद आणि सपाट ठेवली, कारण बाई उभ्या राहणार होत्या. दोन्ही बाजूंना लाकडी रिकिबी बसवल्या, चढायला सोपा हवा म्हणून. खाली डुलायला वाकड्या पट्ट्या लावू या, असं कोणीतरी सुचवलं तेव्हा बाबांनी त्याला असं झाडलं की तो गृहस्थ पुढचे दोन रविवार आला नाही. पाय सगळे बाबांनी केले. कोणाला हात लावू दिला नाही. शेपूट माझ्याकडे आली, कारण ती पडली तरी घोडा उभा राहतो. मुंडकं दंतवैद्यांनी कोरलं आणि तोंड उघडं ठेवलं. का, ते लवकरच दिसलं. त्यांना दात करायचे होते. सगळे, अगदी आतल्या दाढांसह. आणि मग ते थबकले, कारण घोड्याला घोडीपेक्षा जास्त दात असतात, आणि हा घोडा आहे की घोडी हे कोणीच ठरवलं नव्हतं. मिस्त्रींकडे न बघता, थेट बाबांकडे बघून त्यांनी विचारलं, "बाई घोडा म्हणाल्या होत्या की घोडी?" बाबाही थेट म्हणाले, "घोडा. मी स्वतः ऐकलं." "मग पूर्ण दात." "पूर्ण द्या. कमी देऊ नका, माप आहे ते." अबोला तिथे संपला. मिस्त्री जाऊन बाहेर बसले. त्यांना जरा मोकळं वाटलं असावं.

त्याच दिवशी संध्याकाळी बाबा मागच्या उजव्या पायाला कागद घासत होते आणि पायाकडेच बघत म्हणाले, "तिला नसतं आवडलं. म्हणाली असती, एवढं धूड ठेवायचं कुठे?" मी म्हटलं, घरी नाही ठेवायचं बाबा, वाचनालयात जाणार आहे. "तरी म्हणाली असती," असं म्हणून ते हसले आणि घासत राहिले. आई गेल्यापासून त्यांनी आईंबद्दल काढलेला हा पहिला शब्द. तुम्हाला त्याच दिवशी फोन करणार होते. घोड्याचं कसं सांगावं ते सुचेना म्हणून राहिलं.

आता टेम्पो. टेम्पो यांच्या ऑफिसातल्या मित्राचा, आणि तो एकाच ठरलेल्या दिवशी मिळणार होता, एरवी नाही. पण मानेचा सांधा आदल्या दिवशीच सरस लावून बसवलेला. मिस्त्री म्हणाले, ओलसर आहे, वाटेत हादरे बसले तर खुंटी वर येईल. सरस धरेपर्यंत खांद्यापाशी वरून सारखं वजन हवं. आता टेम्पोत सारखं वजन कुठून आणायचं? विटा ठेवल्या तर घसरतात. पोती ठेवली तर एका बाजूला बसतात. दंतवैद्य हलके पडतात. मी मागून शेपूट धरून होते. (तिचाही सरस ओला होता.) तेव्हा बाबांनी कोट झटकला, रिकिबीत पाय ठेवला आणि वर चढत म्हणाले, "मी बसतो. मी प्रमाणित वजन आहे." यांनी टेम्पो चालवला, अशा वेगाने की चालत जाणाऱ्या लोकांना आमच्याशी बोलता येत होतं. पुष्कळ लोक बोललेही. एका आजोबांनी विचारलं, निवडणूक आहे का? बाबा समोर बघून बसले होते, ताठ, दोन्ही गुडघे मानेशी दाबून. चौकात ती फांदी आली, त्यांनी हात वर करून ती डोक्यावरून सारली, आणि नेमकी त्याच क्षणी तुमची मैत्रीण रस्ता ओलांडत होती. त्यांना तो नमस्कार वाटला. त्यांनीही हात हलवला म्हणे. बाबा म्हणाले, कोण होती ती बाई, उगाच हात करत होती.

वाचनालयाच्या दारात ग्रंथपालबाई आल्या. माझ्या खांद्याला लागतील एवढ्या ठेंगण्या बाई आहेत. त्यांनी टेम्पोकडे बघितलं, घोड्याकडे बघितलं, घोड्यावरच्या बाबांकडे बघितलं. म्हणाल्या, "हे काय?" बाबा म्हणाले, "घोडा." बाई म्हणाल्या, "अहो, मी वरची पुस्तकं काढायला घोडा मागितला होता." दंतवैद्य हळूच घोड्याच्या तोंडासमोरून बाजूला झाले, बाईंना दात तरी दिसावेत म्हणून. बाबा खाली उतरले. वन्सं, मी त्यांच्याकडे बघत होते, आणि गॅलरीच्या दारातला तो चेहरा परत येताना मला दिसला. डोळे आधी गेले, मग ओठ मिटले. मला वाटलं, झालं. आता घरी जाऊन खुर्ची, आणि परत तेच तीन शब्द. बाईंना काहीतरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण काय सांगणार? लाकडी घोड्याची बाजू घेऊन बोलायचं म्हणजे काय बोलायचं?

तेवढ्यात बाईंनी विचारलं, "पण यावर उभं राहता येतं?"

"तुम्ही उभं राहायचं म्हणालात, तसाच केलाय," बाबा म्हणाले. अगदी हळू.

आम्ही तो आत नेऊन कपाटाशी ठेवला. बाईंनी चपला काढल्या, रिकिबीत पाय दिला, आयाळ धरली आणि पाठीवर उभ्या राहिल्या. हात वर केला. सगळ्यात वरची फळी तरीही थोडी लांबच राहिली. "वीतभर कमी पडतंय," त्या म्हणाल्या. बाबा खाली वाकून चारी पाय बघत होते. "हलतोय का?" नाही. "डावीकडे झुका." झुकले. "आता?" नाही हो, अजिबात नाही. "उजवीकडे?" काका, मी पडेन. "तुम्ही पडाल, तो नाही पडणार." बाबा उठले, हात झटकले आणि वरच्या फळीकडे बघत म्हणाले, "वीतभराचं बघू." शब्द तोच. पण या वेळी त्यांना खरंच काहीतरी बघायचं होतं.

घोडा बालविभागात आहे. त्यावर इतकी गर्दी असते की ग्रंथपालबाईंना पुस्तक काढायला तो मोकळा मिळतच नाही, त्या टेबल ओढून चढतात. त्यांच्यासाठी खरा घोडा करायचं काम बाबांनी घेतलं आहे, या वेळी बाईंकडून चित्र काढून घेतलं, आणि चित्रावर "याला तोंड नको ना?" असं विचारून खात्रीही करून घेतली. शिवाय दोन रविवारांच्या मधे एक दिवस ते वाचनालयात जाऊन घोड्याचे सांधे तपासतात आणि एका वेळी दोनपेक्षा जास्त मुलं बसली तर उतरवतात. मुलं त्यांना घोडेआजोबा म्हणतात. घरी ते असह्य झाले आहेत. माझी स्वयंपाकघरातली फळी एका बाजूला उतरती आहे, हे त्यांनी मला रोज सांगितलं आहे. मीही रोज उत्तर दिलं आहे. काल आमचं चांगलंच भांडण झालं. हे ऑफिसातून आले तर दारातच उभे राहिले, आत यावं की नाही ते त्यांना कळेना.

तर वन्सं, मी कोणाचं घोडं मारलेलं नाही. झालंच असेल तर एक केलेलं आहे. बाबांकडे माझं लक्ष कमी पडलं असेल. पण त्यांच्या डोक्यावर काही परिणाम झालेला नाही, किंवा झाला असेल तर तो मला बरा वाटतो. बाकी निर्णय तुमचा. तुम्ही त्यांची मुलगी आहात, तुमचा हक्क माझ्या आधीचा आहे, हे मी विसरलेले नाही. भावोजींना नमस्कार. गुडघ्याचं कळवा.

तुमची भावजय

ता. क. तुम्ही सांगितलं होतंत म्हणून मी कपाटावरची बॅग काढून बाबांचे दोन सदरे भरले. बाबांनी विचारलं, कोण चाललंय? मी सांगितलं, वन्सं तुम्हाला न्यायला येताहेत. "कधी?" रविवारी. "रविवारी मी नसतो," म्हणाले, आणि एक सदरा काढून अंगात घातला. दुसरा अजून बॅगेत आहे. तो काढावा की ठेवावा, ते कळवा.

ता. क. २. वर मी सगळं बाबांच्या भल्यासाठी म्हणून लिहिलं आहे. परत वाचताना ते मलाच पटलं नाही. बाबा तुमच्याकडेही बरे राहतील, तुमच्या घरातही फळ्या आहेत. पण ते गेले तर माझ्याशी दिवसभर भांडायला इथे कोणी उरत नाही, आणि ती शांतता मी एकदा बघितली आहे. एवढंच मला लिहायचं होतं. त्यासाठी घोडा मधे आणला.

ता. क. ३. रविवारी आलात तर घराला कुलूप असेल, सरळ गाळ्यावर या. बाबा आत, खिडकीजवळच्या बाकावर असतात. न्यायचंच ठरवलं असेल तर त्यांच्या हातातला रंधा तुम्हीच काढून घ्या. मला सांगू नका, मला ते जमायचं नाही. येताना जुने कपडे घाला. तिथे आल्यागेल्या प्रत्येकाला ते लाकडाचं दुसरं टोक धरायला लावतात, आणि मग सोडत नाहीत.